आमच्या पिंपळाची मुंज

तुमची आई सगळ्यांना सांगत असते की तिने आपला पिंपळ माझ्याकडे धडधाकट सोपवला होता आणि मी तो टक्कल पडलेला परत दिला. हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तिला ठाऊक असून ती सांगत नाही, म्हणून मी ते लिहून ठेवते आहे. तुम्हाला मराठी समजतं, पण देवनागरी वाचता येत नाही. म्हणजे हे तुम्हाला तीच वाचून दाखवणार. वाचता वाचता तिने एकदम पान उलटलं, तर तिला थांबवा आणि मागे जायला सांगा.

हा पिंपळ तिला कॉलेजात असताना सापडला. तंजावुरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत एका भिंतीच्या भेगेत दोन पानांचं रोप उगवलं होतं. तिने ते माझ्या केसांतल्या आकड्याने उकरून काढलं. (आकडा परत मिळाला नाही.) आधी नारळाच्या करवंटीत, मग कुंभाराकडून मुद्दाम करून घेतलेल्या बशीसारख्या उथळ कुंडीत तिने ते वाढवलं. फांद्यांना तारा गुंडाळल्या, शेंडे खुडले, आणि आठ वर्षांत त्याचं हातभर उंचीचं, अंगठ्याहून जाड बुंध्याचं, अगदी म्हाताऱ्या झाडाच्या ऐटीचं बोन्साय तयार केलं.

मग तिला अमेरिकेत नोकरी लागली. त्या वर्षांत तंजावुरात प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर क्लासची पाटी आणि परदेशी फोन करायचं बूथ होतं, आणि घरटी एक मूल विमानात बसत होतं. जाताना तिने माझ्या हातात इंग्रजीत टाइप केलेला एक कागद दिला. त्यात अकरा सूचना होत्या.

"मी डिसेंबरात येते आहे. तोवर त्याला फक्त जगव, आई."

"तुला जगवलं, तर हा काय मोठा?" मी म्हणाले.

मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं, शेवटची काही वर्षं ती चालवलीही. सूचना पाळायला मला आवडतं. कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि एक वही सुरू केली: तारीख, पाणी, ऊन, पानांची संख्या. पहिल्या दिवशी पानं चौसष्ट होती.

अकरा सूचनांत एक गोष्ट नव्हती. ती म्हणजे तुमच्या पणजीबाई.

पणजीबाई म्हणजे माझ्या सासूबाई. घरात सगळे त्यांना अम्मा म्हणत. पन्नास वर्षं दर सोमवती अमावास्येला त्या बसने तिरुवैयारूला जात आणि कावेरीच्या घाटावरच्या पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालत. तुमची आई गेली त्याच्या दोन वर्षं आधी गुडघ्यांनी संप केला आणि तिरुवैयारू सुटलं. डॉक्टर म्हणत, रोज थोडं चालायलाच हवं. अम्मा म्हणत, "चालून जाऊ कुठे? देवळाला पायऱ्या, रस्त्यावर स्कूटर." मग त्या दिवसभर हॉलमध्ये खुर्चीवर बसून केबल टीव्हीवरच्या बायकांना पदर नीट घ्यायला सांगत.

त्या श्रावणात सोमवारी अमावास्या आली. मी मागच्या अंगणात पानं मोजत होते. काठी टेकत अम्मा दारात आल्या आणि त्यांनी एका पानाकडे निरखून पाहिलं.

"अग, हा पिंपळच ना?"

"हो अम्मा, पण बोन्साय आहे."

"जातीने पिंपळ ना?"

"हो."

"मग झालं की!"

अंगणाच्या मधोमध स्टूल आलं, स्टुलावर कुंडी आली. मोजायला एकशे आठ जिनसा लागतात, म्हणून तुमच्या आजोबांना दुकानात पाठवलं. त्यांनी तेव्हा नव्यानेच मिळू लागलेली, चकचकीत कागदातली चॉकलेटं आणली. एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरून अम्मा निघाल्या. प्रत्येक फेरीला एक चॉकलेट ताटात. एक फेरी दहा पावलांची.

आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "अम्मा, घाटावरचा पिंपळ केवढा, आणि हा केवढा! पुण्यही त्याच मापाने मिळायचं."

"तू मोजू नकोस. तुझ्या मापाचं पुण्य मला नको आहे."

तासाभरात एकशे आठ झाल्या. ताट गल्लीतल्या पोरांनी रिकामं केलं आणि बातमी घरोघर पोचवली. दुसऱ्या दिवसापासून दुखऱ्या गुडघ्यांच्या सगळ्या बायका आमच्या अंगणात! तमिळ मामी, मराठी काकी, कोपऱ्यावरच्या शिक्षकांच्या सासूबाई. प्रत्येकीच्या हातात दुधाची वाटी. मी कुंडीवर तमिळ आणि इंग्रजीत पाटी लावली, "दूध घालू नये". बायकांनी ती वाचली, अक्षर सुंदर आहे असं एकमेकींना सांगितलं आणि दूध घातलं. अम्मा तर आता रोजच अकरा फेऱ्या घालत होत्या.

वहीतली पानं चौसष्टाची एक्कावन्न झाली, मग तीस. इथे माझीही चूक लिहायला हवी. पानं पिवळी पडताहेत म्हणजे ऊन लागतंय, असं समजून मी पाणी वाढवलं. वहीत त्याची व्यवस्थित नोंदही केली. महिन्याभरात पानं सात उरली, मातीला आंबट वास येऊ लागला आणि मुंग्यांची रांग लागली.

रविवारी तुमच्या आईचा फोन यायचा. "पिंपळ कसा आहे?"

खोटं बोलल्याबद्दल मी कित्येक मुलींना बाकावर उभं केलं आहे. "त्याच्याकडे माणसं फार येतात," मी म्हणाले.

"आणि पानं?"

"वजन जरा उतरलंय."

तिने मागे ठेवलेलं बोन्सायचं इंग्रजी पुस्तक मी रात्री पुन्हा वाचलं. सकाळी नखाने बुंध्याची साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं, म्हणजे जीव होता. पण मुळं कुजत होती. उपाय एकच होता: झाड कुंडीतून काढायचं, मुळं धुवायची, काळी आणि मऊ झालेली सगळी कापून टाकायची आणि विटांच्या बारीक खड्यांत, जाड वाळूत पुन्हा लावायचं. मी कात्री उकळायला ठेवली.

अम्मा काठी आडवी धरून अंगणाच्या दारात उभ्या राहिल्या. "पुजलेल्या पिंपळाची मुळं कापणार? माझ्या घरात?"

"नाही कापली तर तो मरेल, अम्मा."

"मेला तर त्याच्या मरणाने मेला. कापला तर तुझ्या हाताने. आणि तुझ्या हातचं मी जेवते."

दोन दिवस असे गेले. पानं सातावरून चारावर आली. मला डिसेंबर दिसत होता: तुमची आई दारात उभी आणि माझ्या हातात रिकामी बशी. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं आणि सूचनांचा कागद समोर आला. सर्वांत वर तिने लिहिलं होतं: वय, आठ वर्षं.

मी लग्न होऊन नवी आले होते तेव्हाची गोष्ट मला आठवली. रस्त्याकडेच्या एका कोवळ्या पिंपळाला मी हात जोडले, तर याच अम्मांनी मला ओढून पुढे नेलं होतं. मुंज झाल्याशिवाय पिंपळाला पुजायचं नसतं, असं त्यांनीच मला शिकवलं होतं.

दुपारी त्यांच्यासमोर कॉफी ठेवली आणि विचारलं, "अम्मा, आपल्या पिंपळाची मुंज झाली आहे का?"

त्यांचा पेला तोंडापर्यंत जाऊन थांबला.

"आठ वर्षांचा आहे," मी म्हणाले. "अजून मुंज नाही आणि तुम्ही प्रदक्षिणा घालता. गल्लीतल्या बायकांनाही घालायला लावल्यात."

मी जिंकले, असं मला वाटलं. पण कॉफी संपवून त्यांनी पेला खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "मग करू या की मुंज! आणि मुंज म्हटली म्हणजे केस काढावे लागतात. केस काढले म्हणून मुलगा मरत नाही. जा, कात्री उकळ. पण सोवळ्यात, नऊवारीत. आणि वाध्यारांना विचारल्याशिवाय नाही."

वाध्यार म्हणजे आमचे तमिळ भटजी. ते आले, त्यांनी चष्मा पुसून बटूला पाहिलं. "पिंपळाची मुंज शास्त्रात आहे, मी लावलीही आहे," ते म्हणाले. "पण स्टुलावर बसणारा बटू हा पहिलाच."

"आणि केस खालच्या बाजूला असणाराही," तुमचे आजोबा म्हणाले. अम्मांनी त्यांना केळीची पानं पुसायला बसवलं.

मुंजीआधी मातृभोजन असतं. मुलगा आईच्या पानात शेवटचा जेवतो. याची आई अमेरिकेत. अम्मांनी मला हाताला धरून पाटावर बसवलं. "तिच्या जागी तू." मी वरणभाताचा घास घेतला आणि त्याला चमचाभर पाणी दिलं. तीस वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवलेली बाई मी, एका कुंडीशेजारी जेवायला बसले होते, आणि दुसऱ्या घासाआधी मी त्याच्या चार पानांवरची धूळ पदराने पुसली.

मग मी झाड उपटलं. मुळं भिजलेल्या शेवयांसारखी लिबलिबीत झाली होती. कुंडी घासून घेतली, मुळं धुतली. मी कापत होते आणि अम्मा दोन्ही हातांनी बुंधा धरून होत्या. कात्री चालली की दर वेळी त्या डोळे मिटत, पण हात हलला नाही. अर्ध्याहून जास्त मुळं गेली. टणक, पांढरट अशी मूठभर उरली. ती चार पानंही मी काढली. वाध्यारांनी बुंध्याला जानवं घातलं.

आता भिक्षावळ. बायका ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांच्या पदराआड मला वाट्या दिसत होत्या.

"दूध घरी न्या," अम्मा म्हणाल्या. "ब्रह्मचाऱ्याला दूधतूप नाही. याची भिक्षा मी ठरवली आहे." त्यांनी मागून टोपली पुढे ओढली. त्यात विटांचे खडे होते, चाळलेली वाळू होती. मी पुस्तकातून वाचून दाखवलं होतं ते सगळं, त्याच मापात. एकेक बाई पुढे येऊन ओंजळभर खडे कुंडीत घालत गेली. असं व्यवस्थित लावलेलं झाड मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

पुढचे सहा आठवडे वहीत रोज एकच आकडा लिहिला: शून्य. अंगणाच्या सावलीत प्लास्टिकच्या पिशवीखाली एक काटकी, गळ्यात जानवं. अम्मा रोज तिच्याभोवती फिरत. आता मुंज झालेली होती, हरकत नव्हती. माझा दंड त्यांनी कधी सोडला ते माझ्या लक्षात आलं नाही. एक दिवस पाहते तर मी मोरीपाशी भांडी धूत होते आणि त्या एकट्याच फिरत होत्या.

कार्तिकात, पाऊस उघडल्यावर, अम्मांनीच मला हाक मारली. "अग, चष्मा घेऊन ये." बुंध्याच्या वरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी लालसर कोंब होता. मी वहीत एक लिहिलं, मग खोडून अर्धं लिहिलं. नियम म्हणजे नियम.

डिसेंबरात तुमची आई त्रिचीहून टॅक्सीने आली. सामान उतरायच्या आधीच ती मागच्या अंगणात गेली. पानं पाच होती, नखाएवढी, तांब्याच्या रंगाची.

"चौसष्ट होती!" ती ओरडली. "आणि हा दोरा कसला?"

"मुंज झाली त्याची," अम्मा म्हणाल्या. "केस हळूहळू येतात. आणि पिंपळाविषयी विचारून झालं असेल तर म्हातारीच्या पाया पड."

तुमच्या आईने वळून पाहिलं. ज्या आजीला ती खुर्चीत सोडून गेली होती, ती काठीशिवाय अंगणाच्या मधोमध उभी होती. मग तिने दोघांनाही नमस्कार केला. ओरडल्याचं ती तुम्हाला सांगते, नमस्काराचं सांगत नाही.

पिंपळ माझ्याकडेच ठेवून जाताना तिने दोरा कापायला हवा असा हट्ट धरला. बुंधा वाढला की दोरा सालीत रुततो, असं पुस्तकात आहे. अम्मा म्हणाल्या, "कापायचा कशाला? जानवं दर श्रावणीला बदलतातच की." तेव्हापासून दर वर्षी श्रावणीला ते बदलतो आणि जरा सैल बांधतो. अम्मांनी नऊ वर्षं बदललं, त्यानंतर मी. काल मोजली, पानं दोनशे सहा आहेत.

तुम्ही उन्हाळ्यात याल तेव्हा आधी मागे अंगणात जा. तुमच्या आईचा तो पहिला मुलगा, म्हणजे तुमचा दादा. नमस्कार करा. दूध नको.