बॉडी अर्थ

चांदभाईंना पेटवायचं असेल तर फार काही करावं लागत नाही. त्यांच्या दुकानासमोर उभं राहून एवढंच म्हणायचं, "दिवा लागत नाही, बल्ब गेला असेल." की माणूस उसळलाच. "बल्बला काय शिव्या देतो? आधी अर्थ बघ!" मी तर मुद्दाम म्हणायचे. दुपारचं गिऱ्हाईक नसलं की तेवढीच करमणूक.

आमची दुकानं आकुर्डीत स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला, भिंतीला भिंत लागून. मी रंभा, रिक्षा-टेम्पोची सीट कव्हरं शिवते. चांदभाई त्याच गाड्यांचं वायरिंग करतात. त्यांच्याकडून ऐकून ऐकून मलाही थोडं कळायला लागलं. गाडीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत एकच वायर जाते. परतीची वायर नसते. करंट गाडीच्या लोखंडी अंगातूनच बॅटरीकडं परत येतो, त्याला म्हणायचं बॉडी अर्थ. त्यासाठी रंग खरवडायचा, लोखंड चकचकीत करायचं आणि तिथं वायर गच्च आवळायची. चांदभाईंनी आवळलेला अर्थ गाडी भंगारात गेली तरी सुटायचा नाही. "अर्थ लागला की सगळं लागतं," असं ते म्हणायचे, आणि मी म्हणायचे, "हे एखाद्या प्रोफेसरला सांगा, तो पुस्तक काढील."

मग रोशनबी गेली. त्यांची बायको. दुकानाचा अर्धा कारभार तिच्या तोंडावर चालायचा. गिऱ्हाइकाला बसव, चहा सांग, चांदभाई भडकले की त्यांना गप्प कर. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि परत आलीच नाही. त्यानंतर चांदभाई दुकानात यायचे, शटर अर्ध्यावर ओढायचे आणि आत स्टुलावर बसून राहायचे. रिक्षावाले वाकून आत बघायचे, हाक मारायचे आणि निघून जायचे. खाणं नाही, बोलणं नाही, भडकणंही नाही. मी बल्बावरून किती चिडवलं, पण हूं की चूं नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

त्यांची पोरगी सादिका. इंजिनिअरिंगला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. कॉलेजातल्या पोरापोरींनी मिळून एक रोबो बनवायला घेतला होता. चार चाकं, वर एक हात, त्या हातानं खोके उचलायचे आणि दुसऱ्या कॉलेजांच्या रोबोंशी स्पर्धा करायची. एक दिवस ती बापाला म्हणाली, "अब्बा, आमच्या वायरिंगचा नुसता गुंता झालाय. येता का?" मदत पाहिजे होती हे खरं, पण त्याहून बापाला त्या स्टुलावरून उठवायचं होतं. हे मला कळलं. चांदभाईंनाही कळलं असेल, पण ते उठले. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पिशवीत पक्कड-पाना टाकून पोरीच्या मागून निघाले.

त्या आठवड्यात माणूस परत माणसात आला. संध्याकाळी यायचे ते बोलत यायचे. "ताई, काय गुंता होता! शेवया बऱ्या. अर्ध्या वायरी काढून फेकल्या. सगळा सांगाडा धातूचा आहे, मग परतीच्या वायरी कशाला? दिला बॉडी अर्थ!" पोरांनी सांगाड्याला निळा रंग दिला होता. तो यांनी जागोजागी खरवडला आणि एकेका मोटरची परतीची वायर तिथंच आवळली. रोबो हलका झाला, पोरं खूष झाली. चांदभाई शिट्टी वाजवत शटर पूर्ण वर करायला लागले.

आणि मग सादिका माझ्या दुकानात आली, तोंड एवढंसं करून.

"मावशी, रविवारी स्पर्धा आहे. अब्बांना कुठंतरी घेऊन जा ना. दर्ग्यात न्या, कुणाच्या लग्नाला न्या, काहीही करा."

"का गं? एवढा राबला तो, त्याला बघायला नको?"

तेव्हा तिनं सांगितलं. रोबोचा हात वजन उचलायला गेला की रोबोचा मेंदूच बंद पडतो. सगळं जागच्या जागी मरतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तिच्या टीमचा म्होरक्या प्रितम, त्यानं दोन दिवस डोकं फोडलं. दोष बॉडी अर्थचाच होता. वर स्पर्धेचा नियमच आहे की सांगाड्यातून करंट जाता कामा नये. तपासणीत पास झाला नाही तर रोबोला मैदानात पाऊलसुद्धा टाकू देत नाहीत. "अब्बा ते आवळत होते तेव्हाच मला हा नियम माहीत होता, मावशी," ती म्हणाली. "पण ते शिट्टी वाजवत होते. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आता आम्ही गुपचूप काढतो सगळं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गुपचूप? मी शिवलेलं कव्हर माझ्यामागं कुणी उसवलं तर मी त्याच्या दारात जाऊन त्याचं घर डोक्यावर घेईन. आणि तू बापाचं काम चोरून उसवणार? सरळ तोंडावर सांग!"

"सांगितलं आणि ते परत तसेच बसले तर?" एवढं म्हणून ती रडायला लागली. "अम्मी गेली. आता अब्बा पण तिथंच जाऊन बसले तर मी काय करू?"

मी तिला जवळ घेतलं, पण माझं म्हणणं काही मागं घेतलं नाही.

तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, त्यांच्या दुकानात. भिंतीपलीकडं मी शिलाई थांबवून ऐकत बसले.

"बॉडी अर्थ चूक?" चांदभाई ओरडले. "मग ह्या रस्त्यावरची हरेक गाडी चूक! जा, थांबव त्यांना!"

"गाडीत बरोबर आहे, अब्बा. इथं नाही."

"कोण म्हणतो? तो प्रितम?"

"मी म्हणते."

सादिका बाहेर आली आणि तिच्यामागं शटर खाली आलं. अर्ध्यावर नाही, पार जमिनीपर्यंत. चांदभाई आतच.

रात्री उशिरा घरी गेले म्हणे, पण सकाळी पुन्हा येऊन आत बसले आणि शटर ओढून घेतलं. पोरीनं दिलेला डबा तसाच बाहेर पायरीवर. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी जाऊन शटरवर दोन्ही हातांनी बडवलं. "चांदभाई! अंधारात बसून कुणाशी भांडताय?"

"जा ताई. माझं काम संपलं."

"कामाचं मला नका सांगू. पोरगी तोंडावर बोलली म्हणून राग आला ना? अहो, ती तुमच्यामागं सगळं कापून टाकणार होती. मीच तिला अडवली."

आतून आवाज आला, "कापणार होती? मला न सांगता?"

"हो! आणि का, ते विचारा. तुम्ही परत असे बसाल म्हणून पोर भिऊन अर्धी झाली. रडली माझ्यापुढं. आई गेली, आता बापही जातोय म्हणाली. आणि तुम्ही काय केलंत? बसलातच!"

मला वाटलं, रंभा, तुझ्या जिभेला काही हाड नाही, घाव जरा खोलच गेला. मग शटर करकरलं. चांदभाई बाहेर आले, डोळे लाल. पायरीवरचा डबा उचलला, तिथंच बसून भाकरी खाल्ली, पिशवी घेतली आणि म्हणाले, "चला."

मला जायचंच होतं. रोबोच्या हलत्या हातावरून जाणाऱ्या वायरींना रेक्झिनची नळी शिवून द्यायची होती, तिचं माप घ्यायचं होतं. कॉलेजात पोचलो. चांदभाई सरळ सादिकापुढं उभे राहिले. "दाखव."

तिनं रोबो सुरू केला आणि हातात वजन दिलं. हात जरासा उचलला आणि मेंदूवरचा दिवा विझला. तिनं हलक्या आवाजात समजावलं. गाडीचं अंग म्हणजे जाड लोखंड, वेल्डिंगनं एकजीव केलेलं. हा सांगाडा तुकड्यातुकड्यांचा, बोल्टांनी जोडलेला, आणि दिवसभर हादरणारा. मोटरनं जोर लावला की परतीचा करंट त्या सैल जोडांत अडतो, आणि मेंदूचा करंटही त्याच वाटेनं जातो, म्हणून तो उपाशी मरतो. "आणि अब्बा, ह्या हातावरची बॅटरीची वायर घासून सांगाड्याला टेकली तर?"

चांदभाई हलणाऱ्या हाताकडं बघत राहिले. त्यांनी जळलेल्या वायरिंगचे किती टेम्पो निस्तरलेत, ते मला माहीत आहे. "जळेल," ते म्हणाले. "सगळं जळेल."

मग त्यांनी पाना मागितला आणि स्वतःच्या हातानं आवळलेले ते सगळे जोड स्वतः सोडवले. गच्च होते, जोर लावावा लागत होता. प्रितम पुढं झाला तर त्याला नुसती मान हलवून मागं सारला. सादिकानं तांब्याची एक पट्टी बसवली होती. आता प्रत्येक मोटरची परतीची वायर वेगळी त्या पट्टीवर आणायची, आणि प्रत्येक मोटरला तिचा वेगळा फ्यूज. चांदभाई वायर हातात घ्यायचे आणि पोरीला विचारायचे, "हिकडून नेऊ, की खालून?" ज्या माणसासाठी निगडीपासून चिंचवडपर्यंतचे रिक्षावाले ताटकळायचे, तो असं विचारत होता. मला बघवेना. मी खाली मान घालून माप घेत बसले. शेवटी खरवडलेल्या जागांवर त्यांनी ब्रशनं निळा रंग परत लावला.

रविवारी स्पर्धेला मीही गेले. मोठा हॉल, चहूकडून कॉलेजांची पोरं, कालवा नुसता. तपासणीच्या टेबलाशी आमचा नंबर आला. तपासणाऱ्या साहेबांनी मीटरची एक वायर बॅटरीला लावली आणि दुसरी सांगाड्याला. दुकानात चांदभाई हेच करतात. मीटर वाजलं की अर्थ पक्का, मग त्यांचा चेहरा खुलतो. उभा जन्म त्यांनी त्या आवाजासाठी रंग खरवडला. इथं तो आवाज आला असता तर सगळं बुडालं असतं. साहेबांनी पुढून लावून बघितलं, चाकाशी बघितलं, मग हाताला तीन-चार ठिकाणी टेकवून बघितलं. मीटर गप्प. सादिकाची मूठ माझ्या हातात होती.

"छान आहे," साहेब म्हणाले आणि रोबोवर हिरवी पट्टी चिकटवली. "वायरिंग कुणी केलं?"

"माझ्या वडिलांनी," सादिका म्हणाली.

"खोटं बोलू नको, बेटा." चांदभाई पुढं आले. एवढ्या लोकांत त्यांचा आवाज जरा कापला, पण ते थांबले नाहीत. "साहेब, मी केलं होतं ते हिनं चूक म्हणून सांगितलं. बापाच्या तोंडावर सांगितलं. मग मी काढलं. आता आहे ते सगळं हिचं आहे."

साहेब काय म्हणाले ते कळलं नाही, मागचा रोबो पुढं सरकत होता. चांदभाई बाजूला भिंतीकडं जाऊन उभे राहिले. मी गेले तर माणूस रडत होता, लहान पोरासारखा, हुंदके देत. रोशनबीला माती देऊन आले तेव्हासुद्धा मी त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "आज रोशननं हे ऐकायला पाहिजे होतं."

ऐकायला काय, मीटर तर वाजलंच नव्हतं. एरवी मी असं म्हणून त्यांना चिडवलं असतं. त्या दिवशी नुसती त्यांच्याजवळ उभी राहिले.