तळ्यातली शेवटची पंगत

उभ्या राळेगाव तालुक्यात माझ्या सासऱ्यांइतका चिडका माणूस झाला नाही, आणि इतक्या रास्त कारणांनी चिडणाराही दुसरा झाला नाही. रेडिओवर ‘तुरळक पाऊस’ म्हटलं की ते रेडिओलाच विचारत, “तुरळक म्हंजे कोनाच्या वावरात, ते सांग.” एस.टी. उशिरा आली की चढण्याआधी कंडक्टरकडून कारण वदवून घेत, त्यामुळे ती आणखी उशिरा निघे. कापसाच्या वाईट वर्षांत एका साहेबाने गाडीची काच अर्धी खाली करून “यंदा कापूस कसा आहे?” विचारलं, तर म्हणाले, “उतरून पाहा. कापूस चावत नाही.”

त्याच वर्षांत वावराच्या कोपऱ्यातल्या, मुरूम काढून सोडलेल्या खड्ड्यात त्यांनी पाणी साठवून रोहू-कटला सोडले. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी., तोही प्राणिशास्त्राचा. त्यामुळे मासे माझ्या गळ्यात पडले. पहिल्या हिवाळ्यात अंगावर लाल चट्टे उठून निम्मे मेले, लहान तर जवळजवळ सगळेच. दुसऱ्या वर्षी एका संशोधन केंद्राचे साहेब चाचणीसाठी लशीचं खाद्य घेऊन आले. उघडी लस माशाच्या पोटातले रस वाटेतच पचवून टाकतात, म्हणून ती झिंग्याच्या सालीपासून केलेल्या बारीक कणांत बंद केली होती. कण आतड्यात पुढे जाऊन विरतो, लस तिथे कामाला लागते, मागे काही उरत नाही. हे मी सासऱ्यांना समजावलं. त्यांनी एक दाणा चावला, “खारट हाय” म्हणाले, आणि दिवसभर स्वतःच्या हातापायांवर लाल चट्टे शोधत राहिले.

साहेबांची सूचना सोपी होती: सात दिवस, रोज सकाळी, एका जागी टाकायचं. पहिल्या सकाळी दांडगे कटले धक्के मारत आले आणि लहान मासे मागेच घुटमळले. सासऱ्यांनी घमेलं मागे ओढलं.

“जवाईबापू, हे काय चालू हाय? मोठे दोन-दोनदा खाऊन राह्यले, अन् ज्याले गरज हाय तो मांगं.”

“बाबा, तशीच पद्धत आहे.”

“माझा बाप गावातल्या लग्नात शेवटच्या पंगतीले बसे. भांड्यात नुसता रस्सा राहे. ते पद्धत मले शिकवू नका.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एका काठाला सरकीची ढेप आणि कोंडा भरलेलं भोकांचं पोतं टांगलं. दांडगे तिकडे गुंतले की हे दुसऱ्या काठाला बसून लहानांना मूठमूठ लशीचं खाद्य घालत. मोठ्यांचा वाटा संध्याकाळी. मधल्या वेळात त्या कटल्यांना अशा शिव्या देत की बांधावरून जाणारी माणसं आपापले गुन्हे आठवू लागत.

त्या हिवाळ्यात चट्टे क्वचितच दिसले. लहान मासे वाचले. साहेबांनी मात्र ‘सूचनांचे पालन नाही’ असं लिहून आमचं तळंच चाचणीतून काढून टाकलं. मी माझी पदवी पणाला लावून भांडलो. म्हटलं, दांडगे जास्त खातात, दुबळ्यांपर्यंत लस पोचत नाही, हे तुमच्या पुस्तकातही आहे. त्यावरचा उपाय या माणसाच्या घमेल्यात आहे. साहेब म्हणाले, “असेलही. पण तक्त्यात त्याला रकाना नाही.” ते वाक्य आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

सासरे मात्र त्या दिवशी चिडले नाहीत. “म्हंजे आपलं तळं लिवलंच नाही?” एवढंच विचारून पोतं सोडवायला गेले. त्यांचा राग मला परवडला असता.

यंदा ते गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला वांग्याच्या भाजीची बादली मी घेतली आणि फाटकाजवळ, मजूर बसले होते त्या टोकापासून वाढायला सुरुवात केली. पुढून कोणी हाक मारली, “जवाईबापू, इकडून.” मी शेवटाकडूनच आलो. मोठ्या पाहुण्यांच्या ताटात पोचेपर्यंत नुसता रस्सा उरला होता. एकाने कपाळाला आठी घालून माझ्याकडे पाहिलं. त्याला चार शब्द सुनावणारा माणूस आता घरात नव्हता.