मेंढीची काळजी

इंग्रजीत 'वरी' म्हणजे काळजी. बाबांनी हा अर्थ शाळेत पाठ केला. पुढे आयुष्यभर तहसील कचेरीबाहेर बसून त्यांनी लोकांना इंग्रजी अर्ज लिहून दिले. कुठल्याही साहेबाने त्यांच्या इंग्रजीला नाव ठेवलं नाही. ते काम आयर्लंडमधल्या एका मेंढीने केलं.

२०२०च्या सुरुवातीला माझ्याकडे राहायला आलेले बाबा, विमानं बंद झाल्यामुळे कासलबारजवळच्या आमच्या घरातच अडकले. मी कारखान्यात जायची. ते आणि आमचा कुत्रा शेतांच्या कडेने फिरत. एकदा शेजाऱ्याची मेंढी पाण्याच्या चरात पडलेली दिसली. कुत्रा काठावर उभा राहून जीव तोडून भुंकत राहिला. बाबांनी हाका मारल्या. माणसं येईतो मेंढी मेली. शेजाऱ्याने कुत्र्याविरुद्ध तक्रार केली. पोलीस दारात आला आणि त्याने बाबांना विचारलं, "कुत्रा मेंढीला वरी करत होता का?"

"हो साहेब," बाबा म्हणाले. "फारच वरी करत होता."

इथल्या मेंढपाळांच्या इंग्रजीत कुत्र्याने मेंढीला 'वरी' करणं म्हणजे तिच्यामागे लागून तिला फाडणं. झाला कबुलीजबाब. कोर्टाने मान्य केला असता तर कुत्र्याला कायमचं झोपवणारी सुई.

तारीख लागली २०२१मध्ये. न्यायाधीश आले, सगळे उठले. ते बसले, सगळे बसले. काळा झगा, मास्क, वाफेने धुरकटलेला चष्मा. एका मेंढीसाठी इतका सरंजाम, आणि दिसत मात्र कुणालाच काही नव्हतं. मी शब्दाचा घोळ समजावून सांगितला. न्यायाधीश बाबांकडे वळले.

"म्हणजे कुत्रा चिंतेत होता? कशाच्या?"

"मेंढीच्या, सर."

अख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "चाव्याच्या खुणा होत्या?"

"नाही. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता."

"मग इथे कशाला आलात?"

"म्हाताराच कबूल झाला की!"

चाव्याच्या खुणांचा हा एक प्रश्न इतक्या महिन्यांत कुणालाही सुचला नव्हता. पोलिसाला नाही, शेजाऱ्याला नाही, माझ्या नम्र वकिलालाही नाही. तेवढे महिने मी रोज त्या कुत्र्याला खायला घालताना ती सुई आठवून तोंड फिरवत होते. "ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे', असं म्हणून न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. त्यांच्या आवाजात अजून हसू होतं. माफी मागायची पद्धत त्या झग्यात शिवलेली नसते.

गाडीत बाबा म्हणाले, "पोरी, मी काही चुकीचं बोललो का गं?"

"नाही बाबा."

"मग हसले कशाला?"

दुसऱ्या दिवशी शेजारी कुंपणापलीकडून ओरडला, "काय आजोबा, कसं काय? कुत्रा अजून काळजीत आहे का?"

"तुमच्यापेक्षा शहाणा आहे," बाबा स्वच्छ मराठीत म्हणाले आणि कुत्र्याला घेऊन वळले.

शेजाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी अर्थ सांगितला नाही.