रिकामी झोळी

लेक बाळंतपणाला आली आणि आमच्या हॉलच्या छताला एक स्प्रिंग आणि स्प्रिंगला झोळी टांगली गेली. झोळीला हलका हात लावला की आत नात वर-खाली होत राहायची आणि बघता बघता माझीच मान डुलायला लागायची.

अडचण नात उठली की यायची. लेकीने तिला उचललं की ओझं उतरलेली स्प्रिंग उसळी मारायची आणि रिकामी झोळी एकटीच थयथय नाचत सुटायची. लगेच स्वयंपाकघरातून आमची ही ओरडायची, "अहो, धरा ती! रिकामा पाळणा हलवू नये, पोरीचं पोट दुखतं."

"मी कुठे हलवतोय? स्प्रिंग हलतेय."

"मग स्प्रिंगला सांगा!"

स्प्रिंग कुणाचं ऐकते? शेवटी हिने बारशाच्या पाळण्यात ठेवलेला वरवंटा पुन्हा दुपट्यात गुंडाळला. नात बाहेर यायच्या आधी वरवंटा आत जाऊ लागला, आणि झोळी शहाण्यासारखी वागू लागली.

ओझं उतरलं की निवांत वाटतं म्हणतात. मला नाही पटत. निवृत्त झालो तेव्हा मीही असाच घरभर उड्या मारत होतो. हिने हातात भाजीची पिशवी दिली, तेव्हा कुठे स्थिरावलो.

काल लेक नातीला घेऊन सासरी गेली. संध्याकाळी मी टीव्ही लावला. ही झोळीपाशी बसली होती. आत वरवंटा संथपणे वर-खाली होत होता.

"आवाज कमी करा हो," ही हळूच म्हणाली.

मी केला.