बुडावरचं नाव

मेथीच्या लाडवांचा वास आला की गंगापूर रोडवरचा तो जपानीचा क्लास आठवतो आणि मला अजूनही मस्त वाटतं. शेजारच्या बाकावरच्या मुलीने माझा लाडवांचा स्टीलचा डबा ढापला होता. विचारलं तर म्हणाली, "अगं, असे डबे सगळ्यांकडे असतात, हा माझाच आहे." झाकणावरचं माझ्या आईचं नाव तिने चक्क खरवडून काढलं होतं. मी वाट पाहायची ठरवली, कारण पुढच्याच आठवड्यात 'हे कोणाचं?' हा धडा होता. त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना आपापली एकेक वस्तू टेबलावर ठेवायला लावली. तिने तोच डबा ठेवला. मी तो उचलून धड्यातलंच वाक्य विचारलं, "कोरे वा दारे नो देसु का?" "वाताशी नो देसु," माझा आहे, असं ती ऐटीत म्हणाली. मॅडम खूश. मी पुन्हा विचारलं, तिने आणखी मोठ्याने तेच सांगितलं. मग मी डबा सगळ्यांसमोर पालथा केला. माझी आई भांडीवाल्याकडून बुडालाही नाव घालून घेते. मॅडमनी ते माझ्या आडनावासकट खणखणीत वाचलं. ती परत क्लासला फिरकली नाही. आजही तो डबा मी फळीवर पालथाच ठेवते, नाव वर.