बाटली सोबत आणा

आमच्या अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात, खिडकीवर रिकाम्या बाटल्यांची रांग वाढतच चालली आहे. फिनेल, अ‍ॅसिड, ब्लीच. कुत्र्याच्या पिलानं असलं काही चाटलं, की डॉक्टर मॅडम फोनवर आधी हेच सांगतात, "बाटली सोबत आणा." पिलू बरं होऊन घरी जातं, बाटली राहते. आणि बाटलीबरोबर किस्सा!

मी इथं पिलं धुतो. शाळा नववीत सुटली. माणसांशी बोलायचं म्हटलं, की माझ्या घशाला कोरड पडते.

* * *

मूर्तिजापूरचे एक काका पिलू घेऊन बसनं आले. बाटलीही आणली. पण आतून-बाहेरून घासून, लेबल खरवडून!

"आता यात काय होतं, कसं समजू?" मॅडम म्हणाल्या.

"पण डॉक्टरकडे घाण बाटली कशी आणू जी?"

* * *

एका काकूंनी फिनेल प्यायलेल्या पिलाला दूध पाजलं. मग उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी. वरून तूप!

मॅडम भडकल्या. "ते आत जाताना जाळते, तसं परत येतानाही जाळते! काकू, पिलू वाचवून राहिल्या का भाजीले फोडणी देऊन राहिल्या?"

* * *

आमच्या गल्लीतल्या वकीलसाहेबांच्या गेटखाली नालीचा सिमेंटचा पाइप आहे. त्यात कुत्री व्याली. चार पिलं. ती हटावीत म्हणून साहेबांनी आत बाटलीभर फिनेल ओतलं, पाणी न घालता. मी चौघांना साबणानं धुऊन दवाखान्यात नेलं. तीन वाचली.

बरी झाल्यावर आणून सोडली, तर आईनं पुन्हा त्याच पाइपात नेली! साहेबांनी नवी बाटली आणली.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांची बेल वाजवली आणि फिनेल ओतू नका म्हणालो.

"किती शिकला?"

"नववी."

"अन् मले कायदा सांगून राहिला?"

"कायदा नाही साहेब. बाटलीवर लिहिलं ते वाचून दाखवतो."

"काही होत नाही त्यानं! रोज फरशी पुसतो आमी!" दार बंद.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला काढल्या आणि पाइपाच्या तोंडाशी नालीत पाय सोडून बसलो. साहेब बादली घेऊन आले. वास दुरूनच आला.

"ऊठ!"

मी म्हणालो, "काही होत नाही म्हटलं ना तुमी? टाका."

साहेब उभे. मी बसलेलो. समोरच्या गॅलऱ्या भरल्या. शेवटी साहेब बादलीसकट आत गेले.

तिसऱ्या दिवशीही मी बसलो. साहेब पुन्हा बादली घेऊन आले आणि ती माझ्या शेजारी ठेवली. पाइपातून काळं पिलू धावत आलं, थेट बादलीकडे. मी त्याला मानेला धरून मागं ओढलं.

साहेब दुसरीकडे बघत म्हणाले, "पिऊ दे. साधं पाणी आहे. बादली तीनदा घासली."