दळणाला निघालो ते भंडारदऱ्याला

आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, त्या दिवशी मी सकाळीच ठरवून टाकलं की यंदा आठवण करून द्यायची नाही. एकोणतीस वर्षं मीच आदल्या रात्री विचारत आले, "उद्या काय आहे?" त्यावर हे कधी "गुरुवार" म्हणाले, कधी "पाणी यायचा दिवस". आता पुरे. संध्याकाळपर्यंत यांना आपणहून आठवलं तर ठीक, नाही तर पुढच्या वर्षीपासून मीही मोजायचं सोडून देणार होते. रागानं नव्हे, अगदी थंड डोक्यानं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं होतं.

हे म्हणजे माझा नवरा. संगमनेरच्या एका कॉलेजात हेडक्लार्क होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. एखादी गोष्ट आपल्याला येत नाही असं या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. नळ दुरुस्त करता येतो, पत्रिका बघता येते. शेजारच्या सुनेला उकडीच्या मोदकांच्या पाकळ्या कशा पाडायच्या हे यांनी उभं राहून समजावलं होतं, आणि जन्मात एक मोदक वळलेला नाही.

चहा झाल्यावर म्हणाले, "पीठ संपलंय ना? चल, दळण आणू. गाडी काढतो."

गाडी मुलाची. तो परदेशी गेला तेव्हा आमच्याकडे ठेवून गेला. यांनी क्लास लावला, लायसन मिळवलं आणि मग गाडीवर कव्हर घातलं ते घातलंच. शेजारचे काका रविवारी तिला एक चक्कर मारून आणत आणि तोंड रस्त्याकडं करून लावत. "वास्तुशास्त्रात तसंच सांगितलंय," असं हे मला म्हणाले होते. मी विश्वास ठेवला, कारण वास्तुशास्त्रात काय सांगितलं नसेल याचा नेम नाही.

दळणाचा डबा पुढच्या सीटवर बसला. मागं ठेवला तर सांडेल, असं यांचं म्हणणं. त्याला पट्टा लावला. मी मागं बसले, अंगावर घरातली सुती साडी आणि पायात मोरीतल्या स्लीपर. गिरणी जेमतेम पाच मिनिटांवर, कोण बघतंय!

गिरणीवर कळलं की दुरुस्तीसाठी आमच्या भागातली लाईट दिवसभर बंद. मी म्हटलं, "चला परत." हे म्हणाले, "परत कशाला? पुढं अकोले गाव आहे, तिथं दळू." आणि गाडी सरळ अकोल्याच्या रस्त्याला.

अकोल्यात गिरणी एका बोळात होती. यांनी बोळाच्या तोंडाशी गाडी हळू केली, आत मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "बंद दिसतेय." राजूरला मात्र गिरणी रस्त्यालगतच्या गल्लीत चांगली टुकटुक टुकटुक चालू होती. मी म्हटलं, "अहो, ही बघा की!" हे म्हणाले, "ती मिरचीची आहे. पोळ्या तिखट होतील." गिरणीच्या दारात दोन बायका गव्हाच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या, तेही मला दिसत होतं.

आणि तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यांना आठवलंय! दळण हे निमित्त. मला भंडारदऱ्याला नेतायत. लग्नानंतर आम्ही शिर्डीला गेलो होतो, ते सुद्धा सासूबाई, दोन नणंदा आणि एका आत्याबरोबर. तेव्हा हे माझ्या कानात म्हणाले होते, "पुढच्या महिन्यात भंडारदऱ्याला जाऊ, दोघंच." तो पुढचा महिना तीस वर्षांनी उगवला होता. मी पर्समधला कंगवा काढला, केस सारखे केले. स्लीपरचं वाईट वाटलं, पण म्हटलं, असू दे, पाय कोण बघतंय.

शेंडी गावाच्या पुढं धरणाचं पाणी दिसायला लागलं. भात कापून झालेलं होतं, खाचरांत पेंढ्याचे ढीग होते, कळसूबाईचं टोक उन्हात स्वच्छ. मला बाई फार फार आनंद झाला. मी म्हटलं, "थांबू या ना जरा." हे म्हणाले, "पुढं याहून चांगलं आहे." पुढं गेलो, ते खरंच याहून चांगलं होतं. तिथंही थांबले नाहीत. धरणाला वळसा घालून जाणाऱ्या त्या रस्त्यावर बघण्यासारखी जेवढी ठिकाणं होती ती सगळी आम्ही न थांबता पाहिली. घाटघरला लोक कड्याच्या टोकाशी उभे राहून कोकण बघत होते. मी त्यांच्या पाठी बघितल्या. भूक लागली, तेव्हा डब्यातले चार गहू तोंडात टाकले.

आता बोलतील, मग बोलतील, म्हणून मी वाट बघत होते. हे मात्र दर वळणावर एकच विचारत होते, "बरं वाटतंय ना तुला?" मी दर वेळी लाजून "हो" म्हणत होते. साठीला टेकलेली बाई मागच्या सीटवर एकटीच लाजतेय, म्हणजे काय ध्यान दिसत असेल!

घाटघर सोडून साम्रद गावाच्या अलीकडं आलो, तर समोरून एसटी. रस्ता अगदी अरुंद, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला उतार. एसटीचा ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणाला, "सायेब, जरा मागं घ्या की. मागं लई जागा हाय."

हे हललेच नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. एसटीनं हॉर्न दिला. मी म्हटलं, "अहो, घ्या ना मागं."

हे मागं न बघता म्हणाले, "मला रिव्हर्स येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. लायसनच्या वेळी कुणी घ्यायला सांगितलाच नाही. बोळात शिरलो असतो तर बाहेर कसा आलो असतो? म्हणून पुढं पुढं आलो. हा रस्ता धरणाला फिरून परत शेंडीलाच निघतो, तेवढं माहीत होतं."

म्हणजे वास्तुशास्त्र गेलं, मिरचीची गिरणी गेली आणि माझा भंडारदराही गेला. कंगवा फिरवलेल्या डोक्यात अशी काही तिडीक गेली म्हणता! मी दार उघडून खाली उतरले आणि भर रस्त्यात, एसटीच्या सगळ्या खिडक्यांसमोर ओरडले, "तीस वर्षं झाली आज लग्नाला! तीस! आणि मी मूर्ख, मला वाटलं तुम्हाला आठवलंय!"

खिडकीतून एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, भांडान मंग कर. आधी गाडी मागं घ्या, माजी दवाखान्याची पाळी जाईल."

ड्रायव्हर खाली उतरला. "द्या सायेब, मी घेतो."

"नको," हे म्हणाले. मग खिडकीतून डोकं काढून माझ्याकडं बघत म्हणाले, "तू मागं उभी राहा. तू सांगशील तसं घेतो."

मी स्लीपर फटफटत गाडीच्या मागं गेले. राग तसाच होता, पण म्हातारीची पाळी जायला नको होती. "येऊ द्या... येऊ द्या... अहो, डावीकडं! तुमच्या डावीकडं! थांबा!" गाडी दर वेळी वीतभर मागं येई आणि थरथरून उभी राही. एसटीतून सूचना सुरू झाल्या. कुणी "कट मारा" म्हणे, कुणी "सरळ घ्या". हे कुणाचं ऐकत नव्हते. आरशात फक्त मला बघत होते. दहा-बारा हप्त्यांनी एकदाची गाडी रुंद जागेत आली आणि एसटी निघाली. जाता जाता म्हातारीनं खिडकीतून विचारलं, "किती वर्सं म्हन्लीस?"

"तीस!"

"मंग शिकल आता," ती म्हणाली.

मी गाडीत येऊन बसले. यांनी हात मांडीवर घेतले होते.

"माहीत होतं मला," हे म्हणाले. "आठवडाभर माहीत होतं. म्हणून तर गाडी काढली, नाही तर दळण मी सायकलवरून नेतो. म्हटलं, तुला गाडीतून फिरवून आणावं. गिरणीपर्यंतच जायचा बेत होता."

"मग सकाळी बोलायला काय झालं होतं?"

"आधी नीट जाऊन येऊ, मग बोलू म्हटलं. कुठं धडकलो असतो तर?"

"आणि रिव्हर्सचं तरी आधी सांगायचं."

"सांगितलं असतं तर बसली असतीस गाडीत?"

"नसते बसले," मी म्हटलं आणि मला रडू आलं. हे एकदम घाबरले, पाण्याची बाटली शोधायला लागले, ती आणलेलीच नव्हती. मी पदरानं डोळे पुसले.

"हे बघा," मी म्हटलं, "पुढच्या वर्षीही मी आठवण करून देणार नाहीये."